स्वयंपाकघरातलं नेमकं काय लागू पडतं? (त्वचा, केस आणि थोडी फजिती)

निवडुंग

माझ्या मानेच्या डाव्या बाजूला सध्या एक नकाशा आहे. तपकिरी, वेडावाकडा, आणि त्यातून एक ओघळ थेट कॉलरच्या आत उतरलेला. तो लिंबाचा ओघळ आहे.

मान काळवंडली होती. लिंबाची फोड मधात बुडवून घासली, 'पंधरा मिनिटांनी धुवायची' हे विसरले आणि तशीच गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. तिथे फोन आला, तास-दीड तास उन्हात गेला. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुरचुरायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले टपोरे फोड. ते बसले, डाग मात्र बसून राहिले. आता सात आठवडे झाले.

वाईट याचं वाटतं की हाच उपाय मी स्वतः किती जणींना सांगितलाय!

म्हणून हा धागा. घरातल्या साध्या, स्वस्त वस्तूंपैकी तुम्हाला खरंच काय लागू पडलं आणि कशाने वाट लागली, दोन्ही लिहा. अट एकच, स्वतः निदान दोन-तीन महिने वापरलेलं असावं. मावशीच्या जावेच्या मैत्रिणीचे केस गुडघ्यापर्यंत आले, तर त्या मैत्रिणीलाच इथे पाठवा.

सुरुवात माझ्यापासून. माझी त्वचा आयडीला साजेशी आहे. नखाने पायावर रेघ ओढली की पांढरी उमटते. क्रीम बदलून बदलून थकले, शेवटी साधी पेट्रोलियम जेली लागू पडली, आणि तीही लावायची वेळ बदलल्यावर. पूर्वी अंग खसाखसा पुसून, कपडे घालून, अर्ध्या तासाने लावायचे. नुसतं चिकट व्हायचं. आता न्हाणीघरातून बाहेर यायच्या आधी अंग टिपून घेते आणि ओलसर असतानाच अगदी पातळ हात फिरवते. जेलीत स्वतःचं पाणी नसतं, ती आहे ते पाणी उडू देत नाही. कोरड्या ठक्क कातडीवर लावली तर ती बिचारी कोंडून ठेवणार तरी काय?

गोधडी

अगदी अगदी! माझं ग्लिसरीनचं असंच झालं होतं. बाटलीतलं सरळ ओठांवर लावायचे आणि ओठ आणखी फुटायचे. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं. बाहेरच्या हवेत ओल नसेल तर ते खालच्या थरातूनच ओढतं. आता एक भाग ग्लिसरीनला तीन-चार भाग पाणी, आणि वरून जेलीचा हात. ओठांना ग्लिसरीन बंदच, नुसती जेली.

डाळीचं पीठ आणि साय हा जुना उपाय मला अजून आवडतो, पण घासायला नव्हे. पीठ तेल शोषून घेतं, बस. ओलं असतानाच धुवायचं. पूर्ण वाळून चेहरा ताणला की 'लागू पडतंय' असं वाटायचं, प्रत्यक्षात तोंड धुतल्यावर गाल लाल व्हायचे.

खवचट_खार

मध, लिंबू, साय, डाळीचं पीठ. अजून थोडी हळद टाकली की तोंडाला लावायच्या ऐवजी सरळ तव्यावर टाकता येईल.

निवडुंग, नकाशाचा फोटो टाका, सीमावाद आम्ही सोडवतो.

फुलपात्र

औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असतो, त्यामुळे असे नकाशे वर्षातून चार-पाच तरी बघायला मिळतात. बहुतेक लोक 'काहीतरी चावलं' म्हणून येतात.

लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, फ्युरोकुमारिन नावाचे पदार्थ असतात. अंगावर लागून अंधारात राहिले तर फारसं बिघडत नाही. त्यावर उन्हातली अतिनील-ए किरणं पडली की मात्र ते त्वचेच्या पेशी भाजतात. ही ॲलर्जी नव्हे. कोणाच्याही कातडीला होऊ शकतं. आणि ते लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी वर येतं. म्हणून तर लिंबावर संशय जात नाही. अंजिराच्या चिकानेही असंच होतं. डाग जायला आठवडे ते महिने लागतात, पण जातात. त्यांच्यावर आणखी काही घासू नका, ऊन लागू देऊ नका. पूर्ण बाह्यांसारखा दुसरा उपाय नाही.

ऊन नसलं तरी लिंबू तोंडाला लावायची वस्तू नव्हेच. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण 5 च्या आसपास. लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. सामूच्या पट्टीवर एक पायरी म्हणजे दहापट, म्हणजे तीन पायऱ्यांत हजारपट आम्ल. खायचा सोडा याच्या उलट टोकाला, 8 च्या वर. लोक दोन्ही एकत्र करून लावतात, ते फसफसतं आणि त्यांना वाटतं मळ निघतोय.

गोधडी

फसफसतं तेच तर बघायला छान वाटतं हो.

रेघोट्या

माझा प्रश्न कोंड्याचा आहे. काळा शर्ट घालून दोन वर्षं झाली. आई म्हणते टाळू कोरडी पडली आहे, रोज रात्री तेल जिरव. सहा महिने इमानेइतबारे जिरवतोय. कोंडा कमी व्हायच्या ऐवजी आता त्याचे पिवळट, चिकट पापुद्रे निघतात. तेल चुकीचं आहे का? कोणतं लावू?

मुळाक्षर

रेघोट्या, कोणतंही नको. माझीही हीच वरात निघाली होती.

कोंडा म्हणजे कोरडेपणा हा समजच आधी सोडा. आपल्या सगळ्यांच्या टाळूवर मॅलेसेझिया नावाची बुरशी असते, कोंडा असो वा नसो. ती टाळूवरच्या तेलकटपणावर जगते. काहींच्या टाळूला तिच्या खरकट्याचा त्रास होतो, मग कातडी भराभर सुटायला लागते. अशा माणसाने रात्री तेल जिरवलं की ते तिला वाढलेलं ताट. पापुद्रे तेलात भिजून तात्पुरते चिकटून बसतात म्हणून दोन दिवस बरं वाटतं, इतकंच.

मी तेल बंद केलं, दिवसाआड डोकं धुवायला लागलो आणि नखाने खरवडणं सोडलं. निम्मं काम एवढ्यावर झालं. उरलेलं घरगुती उपायांनी झालं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मेथ्या वाटून झाल्या, दही झालं. मेथ्यांनी केस मऊ झाले, कोंडा तसाच.

फुलपात्र

बरोबर. उरलेल्यासाठी 2 टक्के किटोकोनॅझोलचा (बुरशीवरचं औषध) शाम्पू. लावून लगेच धुवायचा नाही, तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू द्यायचा. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. 'गुण आला नाही' म्हणून परत येणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की डोक्यावर किती वेळ ठेवला होता. उत्तर बहुधा 'लगेच धुतला' असंच असतं. भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागेही पापुद्रे असतील किंवा टाळूवर जाड, चंदेरी खपल्या असतील, तर एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कोंड्यासारखं दिसणारं सगळंच कोंडा नसतं.

जुनं_ते_सोनं

वाचून करमणूक झाली. पिढ्यानपिढ्या लोक डोक्याला तेल लावत आले, त्यांना काय टकलं पडली? माझ्या आईचे केस सत्तराव्या वर्षी कमरेपर्यंत होते. रोज खोबरेल. शाम्पू माहीतही नव्हता. आता दोन पानं वाचली की तेल वाईट, लिंबू वाईट. सगळं वाईट, फक्त दुकानातलं चांगलं.

मुळाक्षर

अहो काका, तेल वाईट असं कोण म्हणालं? कोंडा असलेल्या टाळूवर रात्रभर नको, एवढंच म्हटलं. केसांना खोबरेल चांगलंच, आणि तुमच्या बाजूने बोलायला माझ्याकडे पुरावाही आहे. 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना झाली होती. धुताना आणि विंचरताना केसातलं प्रथिन झिजतं, ती झीज तिघांपैकी फक्त खोबरेलाने कमी झाली. कारणही सरळ आहे. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याची साखळी आखूड आणि सरळ, शिवाय प्रथिनाला धरून राहणारी, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. बाकीची दोन वरवर राहतात. केस ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि हे वारंवार होऊन तो कमजोर पडतो. आत तेल असलं की तो कमी फुगतो.

म्हणजे तेल धुण्याच्या आधी लावायचं, आणि केसांच्या लांबीला, टोकांना जास्त. टोकं सगळ्यात म्हातारी असतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तुमच्या आईंनी त्या टोकांची काळजी घेतली म्हणून केस तुटले नाहीत. तेलाने मुळातून नवे केस उगवले, असं मात्र नाही.

जुनं_ते_सोनं

हं. धुण्याच्या आधीच लावायची ती. आदल्या रात्री. आणि धुवायची शिकेकाईने, हेही खरं.

तरी पण.

खवचट_खार

'तरी पण' हा या संस्थळावरचा सर्वात वजनदार पुरावा मानण्यात यावा.

गोधडी

शिकेकाईवरून आठवलं. शिकेकाई आणि रिठा दोन्हींना फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनांमुळे. वस्तू नैसर्गिक, पण डोळ्यात गेली तर शाम्पू परवडला. आणि रिठा जास्त झाला की केस अगदी झाडूसारखे होतात. मी शिकेकाईच्या निम्म्याहून कमी रिठा घेते, मूठभर मेथ्या टाकते. मेथ्यांचा बुळबुळीतपणा केसांवर पातळ थर धरतो, त्याने गुंता सुटतो. रात्री भिजत घालून सकाळी उकळायचं आणि *पातळ फडक्यातून दोनदा* गाळायचं. मी एकदा एकदाच गाळलं होतं. दिवसभर डोक्यातून शेंगांचा चुरा पडत होता, आणि ऑफिसातली शेजारीण मान वळवून वळवून बघत होती.

टिपकागद

केस गळण्याबद्दल लिहू का? थोडं लांबेल.

गेल्या वर्षी मोठा ताप येऊन गेला. आठ दिवस अंथरुणात. बरी झाले, कामाला लागले, सगळं विसरले. साधारण अडीच महिन्यांनी एके दिवशी डोकं धुताना हातात गुच्छच आला. मग रोज. उशीवर, जेवणात, लॅपटॉपच्या बटणांत. मोरीची जाळी दर वेळी तुंबायची. मी घाबरून मोजायला लागले. एका दिवशी दोनशे चाळीस मोजले आणि रडले.

तीन महिन्यांत काय काय केलं? कांद्याचा रस. एरंडेल. कढीपत्ता उकळलेलं तेल. अंडं (ते गरम पाण्याने धुतलं, केसातच शिजलं, त्याची गोष्ट वेगळी लिहिते कधीतरी). कांद्याने तर घरातले माझ्याशेजारी बसेनात. प्रत्येक उपाय दोन आठवडे करायचा, गुण नाही म्हणून सोडायचा, पुढचा धरायचा.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'केस गळायला लागले त्याच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं?' मला ताप आठवेचना, इतकी मी ती गोष्ट मागे टाकली होती. मग त्यांनी समजावलं. डोक्यावरचे बहुतेक केस एका वेळी वाढत असतात, दहातला एखादा विश्रांतीत असतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, एकदम कमी केलेलं वजन, अशा धक्क्याने खूपसे केस एकदम विश्रांतीत जातात आणि तिथे दोन-तीन महिने काढून मग गळतात. म्हणजे मी ज्या केसांसाठी कांदा चोळत होते ते केव्हाच सुटलेले होते. मुळं शाबूत. त्यांनी रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घेतलं. लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. बाकी काही नाही. 'वाट बघा,' म्हणाले.

पाचव्या-सहाव्या महिन्यात गळणं आपोआप उतरलं. कपाळावर आता बोटभर नवे केस उभे आहेत, कितीही पाणी लावा, बसत नाहीत. त्या वेळी मी कोणता उपाय करत होते माहितीये? जास्वंदीचं तेल. आणखी दोन महिने मी कांद्यावरच टिकले असते तर आज इथे कांद्याचा डंका पिटला असता.

निवडुंग

टिपकागद, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. उपाय करतानाच दुखणं आपलं आपण बरं होतं आणि श्रेय शेवटच्या बाटलीला जातं. माझ्या निम्म्या 'हमखास' उपायांचं हेच झालं असणार.

फुलपात्र

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं तसंही नेहमीचंच. आठवड्यातून एकदाच धुणाऱ्यांना ते एकदम दिसतात आणि धडकी भरते.

कांद्याबद्दल थोडं. 2002 साली एक छोटा प्रयोग झाला होता, तो चाई पडलेल्यांवर. चाई म्हणजे नाण्याएवढं गोल, गुळगुळीत टक्कल. त्यात कांद्याचा रस लावलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे केस परत आले. पण चाईचे केस अनेकदा काही न करताही येतात. नेहमीच्या केसगळतीला किंवा वयाने विरळ होणाऱ्या केसांना त्या प्रयोगाचा काडीचा संबंध नाही. बातमी पसरली ती मात्र 'कांद्याने केस उगवतात' अशी.

अनवाणी

तुमचं सगळं डोक्याचं चाललंय, मी पायाचं लिहितो.

टाचांना इतक्या भेगा होत्या की चादरीत अडकायच्या. मेण, तूप, केळ्याचं साल, सगळं झालं. सगळं भेगांच्या वर बसायचं आणि फरशीवर उतरायचं. चूक ही होती की मी जाड, मेलेल्या कातडीवर माल ओतत होतो.

आता रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय. कोमट म्हणजे कोमट, कढत नाही. मीठ नाही, सोडा नाही, शाम्पू नाही. मग वज्रीने हलकं घासायचं. एका बैठकीत टाच गुळगुळीत करायच्या भानगडीत पडायचं नाही, मी पडलो होतो आणि दोन दिवस चवड्यावर चाललो. पाय टिपून, ओलसर असताना जेली आणि वर जुने सुती मोजे. पहिल्या रात्री मोज्यात पाय गुदमरल्यासारखे वाटतात, तिसऱ्या रात्रीनंतर काही नाही. भेगा भरायला तीन आठवडे लागले. आता आठवड्यातून दोनदा करतो. फार जाड असेल तर युरिया असलेलं मलम मिळतं, ते कातडी मऊ करून सोडवतं.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र हे स्वतःहून करू नये. माझ्या वडिलांना पाण्याचा चटका कळला नव्हता, फोड बघितल्यावर कळलं. त्यांच्या पायाला आता वज्री नाही की ब्लेड नाही. रोज रात्री मी बॅटरी घेऊन तळवे बघतो आणि पातळ मलम लावतो. बोटांच्या बेचक्यात नाही लावायचं, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

शाईपेन

दाढीनंतर गळ्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांना कोणाकडे काही?

मुळाक्षर

केस ज्या दिशेने उगवलेत त्या दिशेने वस्तरा, आंघोळीनंतर, ब्लेड नवं, आणि एकाच जागी चार फेऱ्या नकोत. पुटकुळ्या आल्याच तर आठवडाभर दाढी वाढू द्या, गार पाण्याच्या घड्या ठेवा. तुरटी कापलेल्या जागेचं रक्त थांबवते, ते खरं. पुटकुळ्यांवर रोज घासली तर कातडी ताणते आणि चुरचुरते. शिवाय तुरटीचा खडा घरात प्रत्येकाचा वेगळा हवा.

निळीशार

काळ्या मेंदीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मेंदीच्या पानातलं लॉसोन केसातल्या आणि कातडीतल्या केराटिनला धरून बसतं. त्याचा रंग केशरी ते तांबूस तपकिरी. दुसरा नाही. एका वाटणात, अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी 'नैसर्गिक मेंदी' असेल तर काळा रंग मेंदीचा नव्हे, त्यात बहुधा पीपीडी म्हणजे पॅराफेनिलीनडायमाइन आहे, केसांच्या कलपातलंच रसायन. मला दुसऱ्या वेळी रिअ‍ॅक्शन आली. पहिल्यांदा काहीही झालं नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदा बिनधास्त लावली. सकाळी डोळे उघडेनात, कान दुप्पट, कपाळातून पाणी गळतंय. शरीर एकदा ओळखून बसलं की पुढच्या प्रत्येक वेळी ते लवकर आणि जोरात भांडतं. आता मला कोणताही कलप चालत नाही, आयुष्यभरासाठी.

पानांनीच काळं करायचं असेल तर आधी मेंदी, ती धुवून मग निळीच्या पानांची पूड, अशा दोन फेऱ्या. वेळ खातं, पहिल्यांदा हिरवट झाक येते, घाबरू नका. आणि मेंदी अगदी शुद्ध असली तरी तान्ह्या बाळांना आणि जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना लावू नये, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

काहीही नवं लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून 48 तास बघा. हळद, मध, कोरफड, सगळं. मी आता पाण्यालाही विचारून लावते.

दोन_वेण्या

विषयांतर होईल, पण केसांचाच विषय आहे. लेकीच्या शाळेतून उवा आल्या. घरभर खाजवाखाजव. सासूबाई म्हणतात रॉकेल चोळ. काय करू?

फुलपात्र

रॉकेल अजिबात नाही!! कातडी भाजते, वास डोक्यात जातो आणि गॅसपाशी गेलं तर पेट घेईल. हे चेष्टेने लिहीत नाही.

बारीक दातांची फणी आणि धीर, एवढंच लागतं. केस धुवून ओले असतानाच भरपूर कंडिशनर चोपडा. बुळबुळीत ओल्या केसात ऊ पळू शकत नाही. मग बट-बट वेगळी करून, टाळूला टेकवून टोकापर्यंत फणी ओढायची आणि प्रत्येक ओढीला पांढऱ्या कागदावर पुसायची. आज पहिला दिवस धरा. मग पाचवा, नववा आणि तेरावा. लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून एकदाच विंचरून उपयोग नाही. नव्याने फुटलेल्या पिल्लांनी अंडी घालण्याआधी त्यांना काढायचं आहे. सतराव्या दिवशी शेवटची तपासणी. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघा, सासूबाईंचंही.

दोन_वेण्या

सासूबाईंचं डोकं बघायचं कोणी, हा खरा प्रश्न आहे.

पहिला दिवस झाला. तेवीस.

गोधडी

बाटल्या भरून ठेवणाऱ्यांसाठी माझा एक अनुभव. कोरफडीचा गर काढून, गुलाबपाणी घालून मोठी बरणी भरली. रोज सकाळी बोट बुडवायचे. बाराव्या दिवशी गालावर पूने भरलेल्या पुळ्या. बरणी उजेडात धरली तर तळाला तंतू तंतू.

पाणी असलेली कोणतीही वस्तू घरी टिकत नाही. दुकानातल्या डबीत टिकवणारं रसायन असतं म्हणून ती महिनोन् महिने राहते, आणि आपण त्यालाच नावं ठेवतो. तेव्हा ओलं मिश्रण त्या दिवसापुरतंच करा, फार तर एक दिवस फ्रिजमध्ये. साठवायचं तर कोरडी पूड, कोरड्या डब्यात, कोरड्या चमच्याने. कोरफडीचं पान कापलं की पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या. त्याने खाज सुटते.

शाईपेन

खाजेवर आठवलं. माझ्या मुलाला अंगभर खाज सुटायची, तेव्हा ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात मिसळायला सांगितलं होतं. बारीक इतके की पाण्यात चमचाभर टाकल्यावर पाणी दुधाळ व्हायला हवं, तळाला बसले तर पुन्हा फिरवा. दहा मिनिटं त्या पाण्यात बसवायचं, घासायचं नाही. नंतर लगेच मलम. रात्रीची झोप मिळायला लागली. टब निसरडा होतो, हे मात्र मी आपटल्यावर कळलं.

तळटीप_नाही

एक प्रश्न, कोणी हसू नका. बहिणीला चेहऱ्यावरच्या वांगासाठी कोणीतरी बिनलेबलची पांढरी डबी दिली, 'घरीच बनवलेली आयुर्वेदिक क्रीम'. आठ दिवसांत चेहरा उजळला, काचेसारखा. सहा महिन्यांनी आता उन्हात गेली की लाल होते, गालावर बारीक शिरा दिसतात, हनुवटीवर लव आली आहे. क्रीम एक दिवस लावली नाही की आग होते. कशाने होत असेल?

फुलपात्र

हसण्यासारखं काहीच नाही. लक्षणं स्टेरॉइडची आहेत. आठवड्यात 'काचेसारखा' चेहरा करणारी कोणतीही वनस्पती मला माहीत नाही. एकदम बंद केलं तर चेहरा आणखी भडकतो, तेव्हा डबीसकट त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या आणि ते सांगतील तसं उतरवा. त्यावर घरचं काहीही लावू नका, कोरफडसुद्धा नाही.

तळटीप_नाही

उद्याच नेतो. धन्यवाद.

जुनं_ते_सोनं

गेले दहा दिवस वाचतोय, बोललो नाही. आमच्या सौ. रोज हिवाळ्यात पायाला ऑलिव्ह तेल चोळतात, मुलाने परदेशातून पाठवलेलं. पाय आणखी फुटतात. त्याचं काही कारण?

मुळाक्षर

आहे काका. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं, ते कातडीच्या वरच्या थरातली स्निग्ध वीण सैल करतं. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल जास्त, ते त्या मानाने कातडीला मानवतं. ऑलिव्ह तेल खाण्यात वापरा, पायाला साधं सूर्यफूल किंवा जेली, आंघोळीनंतर लगेच.

जुनं_ते_सोनं

म्हणजे महागातलं पोटात आणि स्वस्तातलं पायाला. हे मला पटलं.

निवडुंग

नकाशाची खबर. ओघळ जवळजवळ गेलाय, वरचा मोठा प्रदेश अजून चहाच्या डागाएवढा आहे. काही लावलं नाही, फक्त ओढणी गुंडाळून फिरले. आणि मान मुळात काळवंडली होती ती का, हे विचारायला डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी बोट फिरवून बघितलं. कातडी मखमलीसारखी जाड लागली म्हणून रक्तातली साखर तपासायला सांगितली. सीमारेषेवर निघाली. मळ समजून मी वर्षभर जे घासत होते तो मळ नव्हताच. आता संध्याकाळी चालायला जाते.

दोन_वेण्या

पाचवा दिवस: नऊ. नववा दिवस: चार, अगदी बारीक. तेरावा: एकही नाही.

आज सतरावा. लेकीची फणी स्वच्छ, माझी स्वच्छ. सासूबाई स्वतःच कंडिशनरची बाटली घेऊन माझ्यापुढे पाठ करून बसल्या. सात निघाल्या. 'या तुझ्याकडूनच आल्या असणार,' म्हणाल्या.

खवचट_खार

त्यांचा आज पहिला दिवस. पुढचा आकडा पाचव्या दिवशी टाका, आम्ही इथेच आहोत.